रक्तवाहिन्या दिसल्या, कण मात्र राहिले

२८ जून १९२७. लिस्बनमधील सांता मार्ता रुग्णालयात वीस वर्षांचा एक तरुण टेबलावर झोपला होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत त्याला गाठ होती. डॉक्टरांनी त्याच्या मानेत छेद घेऊन मेंदूकडे जाणारी धमनी उघडी केली आणि सिरिंजने तिच्यात सोडियम आयोडाइडचे द्रावण सोडले. त्याच वेळी क्ष-किरणांचे यंत्र चालू झाले. छायाचित्र धुऊन उजेडात धरल्यावर कवटीच्या पांढऱ्या सावलीत झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा दिसू लागल्या. जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या होत्या त्या. गाठीने त्यांना त्यांच्या जागेवरून ढकलले होते, तेही त्या चित्रात कळत होते.

हे काम ज्यांच्या डोक्यातून निघाले त्या प्राध्यापकांचे वय तेव्हा ५२ होते. त्यांचे नाव एगास मोनिझ. त्यांनी स्वतः सिरिंज हातात घेतली नव्हती. ऐन तारुण्यात जडलेल्या संधिरोगाने, म्हणजे गाउटने, त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती. कल्पना त्यांची आणि हात सहकाऱ्यांचे, अशीच त्यांच्या संशोधनाची पद्धत शेवटपर्यंत राहिली. पेड्रो आल्मेदा लिमा हे तरुण डॉक्टर त्यांचे उजवे हात झाले, तेही अगदी शब्दशः.

आज छातीत दुखले की अँजिओग्राफी करतात, पक्षाघाताचा झटका आला की मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे सीटी किंवा एमआरआय काढतात. या सगळ्या तपासण्यांची एक मुळी मोनिझ यांच्या त्या चित्रापाशी पोहोचते. शिरेतून औषध घालून तपासणी केल्यावर ते औषध शरीरातून बाहेर जाते ना, हा प्रश्न आज प्रत्येक नव्या औषधाला विचारला जातो. त्या प्रश्नाची मुळीही मोनिझ यांच्याच कामात सापडते.

अवांकाचा मुलगा

मोनिझ यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी उत्तर पोर्तुगालमधील अवांका या गावी झाला. घराणे जमीनदारांचे, पण उतरती कळा लागलेले. मुलाचे शिक्षण धर्मगुरू असलेल्या काकांनी पाहिले. बाराव्या शतकातील एगास मोनिझ हा पोर्तुगालचा एक वीरपुरुष. घराण्याचा त्याच्याशी संबंध आहे अशी काकांची श्रद्धा होती, म्हणून त्यांनी पुतण्याच्या लांबलचक नावाला हेही नाव जोडले. पुढे जगाने तेवढेच लक्षात ठेवले.

कोइम्ब्रा विद्यापीठातून १८९९ मध्ये ते डॉक्टर झाले. मज्जासंस्थेच्या आजारांचे शिक्षण घेण्यासाठी ते फ्रान्समध्ये बोर्दो आणि पॅरिसला गेले. मात्र त्यांच्या आयुष्याची पुढची दोन दशके रुग्णालयापेक्षा राजकारणात जास्त गेली. ते संसदेत निवडून गेले. राजेशाहीविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून १९०८ मध्ये त्यांना तुरुंगाची हवा खावी लागली. १९१० मध्ये पोर्तुगाल प्रजासत्ताक झाला आणि पुढच्याच वर्षी लिस्बन विद्यापीठात मज्जाविकारशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. १९१७ मध्ये ते स्पेनमध्ये राजदूत होते, १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले आणि पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. गोव्यावर तेव्हा पोर्तुगालचीच सत्ता होती. मोनिझ यांच्या हयातीत ती कायम राहिली.

देशातील राजकारण पुढे इतके विस्कटले की एका वादापायी मोनिझ यांच्यावर द्वंद्वयुद्धाची वेळ आली. मग त्यांनी राजकारण सोडले आणि ते पुन्हा रुग्णांकडे वळले. बहुतेक संशोधकांचे नाव ज्या वयापर्यंत झालेले असते, त्या वयात मोनिझ यांचे खरे संशोधन सुरू झाले.

सावली पडेना

प्रश्न जुना होता. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि हाडे दिसू लागली, कारण हाडातील कॅल्शियम हे किरण अडवते. मेंदू, रक्त आणि रक्तवाहिनीची भिंत मात्र क्ष-किरणांना जवळपास सारखीच. पाण्यात पाणी ओतावे तसे. कुठे काय आहे ते कळत नाही. १८९६ च्या जानेवारीतच व्हिएन्नामध्ये हाशेक आणि लिंडेंथाल यांनी कापून काढलेल्या एका हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना, हिंगूळ आणि पेट्रोलियम यांचे मिश्रण भरून त्याचे चित्र काढले होते. त्यासाठी ५७ मिनिटे लागली. मृत हाताला ते चालले. जिवंत माणसाच्या रक्तात असे मिश्रण घालणे शक्य नव्हते.

मेंदूतील गाठ शोधणे तर त्याहून अवघड. कवटी उघडण्याआधी गाठ नेमकी कुठे आहे हे रुग्णाच्या लक्षणांवरून ताडावे लागे. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून चित्र काढण्याची पद्धत आणली. तिचा उपयोग होई, पण ती त्रासदायक आणि धोक्याचीही होती. मोनिझ यांनी वेगळा विचार केला. मेंदूच्या कानाकोपऱ्यात रक्त जाते. रक्ताचीच सावली पाडता आली, तर गाठीने कुठली वाहिनी ढकलली, कुठे नवे जाळे उभे केले, हे आपोआप दिसेल.

सावली पाडायची तर क्ष-किरण अडवणारे जड अणू हवेत. फिट्सच्या रुग्णांना त्या काळी ब्रोमाइड देत असत, म्हणून मोनिझ यांनी आधी ब्रोमीनचे क्षार घेतले. तोंडावाटे किंवा शिरेतून दिलेले औषध मेंदूत साचेल, ही पहिली आशा फोल ठरली. मग थेट मानेतील धमनीत द्रावण सोडायचे ठरले. कोणते क्षार किती तीव्रतेला सावली पाडतात याच्या चाचण्या झाल्या. कुत्र्यांवर प्रयोग झाले. धमन्यांचा नकाशा नेमका कसा दिसायला हवा हे कळण्यासाठी मृतदेहांच्या डोक्यांत द्रावण भरून चित्रे काढण्यात आली.

माणसावरचे पहिले प्रयत्न स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडचे होते. हवे तसे चित्र मिळाले नाही आणि एक रुग्ण दगावला. मोनिझ काही काळ थांबले, ब्रोमीन सोडून आयोडीनकडे वळले. ब्रोमीनपेक्षा आयोडीनचा अणू जड, त्यामुळे कमी तीव्रतेच्या द्रावणातही सावली चांगली पडते. २५ टक्के सोडियम आयोडाइडने २८ जूनचे ते चित्र दिले. जुलैमध्ये मोनिझ पॅरिसला गेले आणि तिथल्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या सभेपुढे त्यांनी ते मांडले. पोर्तुगालसारख्या वैद्यकशास्त्राच्या नकाशावर फारशा न दिसणाऱ्या देशातून आलेल्या या पद्धतीने पॅरिस थक्क झाले.

यानंतर लिस्बनमध्ये जणू रक्तवाहिन्यांच्या चित्रांची शाळाच सुरू झाली. १९२९ मध्ये रेनाल्दो दोस सांतोस यांनी पोटातील महाधमनीचे चित्र काढले. १९३१ मध्ये लोपो दि कार्व्हाल्यो यांनी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. परेरा काल्दास या क्ष-किरणतज्ज्ञांनी फिल्म भराभर बदलणारे फिरते यंत्र बनवले. त्यामुळे आधी धमन्या, मग सूक्ष्म केशवाहिन्या, मग शिरा असा रक्ताचा सगळा प्रवास एकामागून एक टिपता येऊ लागला. कवटीच्या तळाशी मानेतील धमनी जे वळण घेते त्याला मोनिझ यांनी सायफनची उपमा दिली. ते नाव आजही चालते. मानेतली धमनी बंद पडल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, हे जिवंत रुग्णांच्या चित्रांतून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. पक्षाघाताकडे पाहण्याची दृष्टी त्यामुळे बदलायला मदत झाली.

दुखत नाही, मग धोका कुठला?

आयोडाइडची एक अडचण होती. ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांना झोंबे. रुग्णाला डोक्यात आग झाल्यासारखे वाटे, काहींना झटके येत. यापेक्षा सौम्य आणि तरीही गडद सावली पाडणारे काही मिळाले तर ते हवेच होते.

ते जर्मनीतून आले. ड्रेस्डेनजवळच्या हायडेन या रासायनिक कारखान्याने थोरोट्रास्ट नावाचे औषध बाजारात आणले होते. थोरियम या धातूच्या ऑक्साइडचे अतिशय बारीक कण आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पिष्टापासून केलेल्या डेक्स्ट्रिनचे वेष्टन, असे त्याचे स्वरूप. कणांचा आकार काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा काही दशलक्षांशावा भाग. नॅनोकण हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हते, पण वस्तू तीच होती. रक्तवाहिन्या दाखवण्यासाठी माणसांच्या शरीरात मोठ्या प्रमाणावर सोडलेले हे पहिले नॅनोकण म्हणता येतील.

वरकरणी त्याच्यात खोट नव्हती. थोरियमचा अणू आयोडीनपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे सावली ठसठशीत पडे. कण रक्तात विरघळत नाहीत, म्हणून वाहिनीच्या भिंतीला झोंबत नाहीत. रुग्णाला वेदना नाहीत, झटके नाहीत. १९३१ पासून मोनिझ यांनी थोरोट्रास्ट वापरायला सुरुवात केली. त्यांच्यासारख्या मोठ्या नावाचा आधार मिळाल्यावर युरोपात, अमेरिकेत, जपानमध्ये ते पसरले. पुढची सुमारे दोन दशके ते जगभर लाखो लोकांना दिले गेले.

थोरियम किरणोत्सारी आहे हे सर्वांना ठाऊक होते. पण त्याचे किरणोत्सर्जन फार मंद असते. त्याचे अर्धे अणू विघटित व्हायला सुमारे १,४०० कोटी वर्षे लागतात. इतक्या संथ पदार्थाने काय होणार, असा हिशेब मांडला गेला. हिशेबात एक गोष्ट कमी धरली गेली होती. मंद गतीने का होईना, तो पदार्थ शरीरात किती काळ राहणार?

त्याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. पाण्यात विरघळणारे छोटे रेणू मूत्रपिंडातून गाळून लघवीवाटे निघून जातात. न विरघळणारे कण त्या चाळणीतून जात नाहीत. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत भक्षक पेशी असतात. त्यांचे काम रक्तातला कचरा उचलण्याचे. जंतू, मेलेल्या पेशी, परके कण, जे सापडेल ते त्या गिळतात आणि पचवतात. थोरोट्रास्टचे कण त्यांनी गिळले, पण त्यांना ते पचवता आले नाहीत. थोरियमच्या ऑक्साइडला मोडणारी कोणतीही यंत्रणा माणसाच्या शरीरात नाही. कण जिथे पडले तिथेच राहिले. चित्र काढून झाले, रुग्ण घरी गेला, म्हातारा झाला. यकृतात आणि प्लीहेत बसलेले कण दर क्षणी शेजारच्या पेशींवर अल्फा किरणांचा मारा करीत राहिले. अल्फा किरण कागदानेही अडतात, म्हणून ते बाहेरून निरुपद्रवी. तेच आत, पेशीला लागून सुटले की सगळी ऊर्जा त्या पेशीतच ओततात.

इशारे आलेच नाहीत असे नाही. घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या अमेरिकेतील कामगार मुलींचे जबडे सडले, त्यांना हाडांचे कर्करोग झाले, ही गोष्ट १९२० च्या दशकातच उघडकीस आली होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषधविषयक परिषदेने १९३२ मध्ये थोरोट्रास्टबद्दल सावध केले होते. फ्रान्समध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत त्याच दशकात गाठी दिसल्या. पण माणसांमध्ये काहीच होताना दिसत नव्हते. वापरणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होते ते सुंदर चित्र आणि न कण्हणारा रुग्ण. वर्ष गेले, पाच वर्षे गेली, तरी रुग्ण धडधाकट. धोक्याची मुदत वीस-तीस वर्षांची असू शकते, हे पाच वर्षांच्या अनुभवातून कळणार कसे?

दुसरी कल्पना

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रांसाठी मोनिझ यांचे नाव १९२८ आणि १९३३ मध्ये नोबेलसाठी सुचवले गेले होते. पारितोषिक मिळाले नाही. मिळाले ते १९४९ मध्ये, आणि तेही वेगळ्याच कामासाठी. त्या कामामुळेच त्यांच्या नावावर आजही वाद आहे.

१९३५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या मज्जाविकार परिषदेत, मेंदूचा पुढचा भाग काढलेल्या चिंपांझींच्या वागण्यातील बदलांची चर्चा झाली. मोनिझ तिथे होते. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला लिस्बनमध्ये त्यांच्या सूचनेनुसार आल्मेदा लिमा यांनी एका मनोरुग्ण स्त्रीच्या कवटीला छिद्रे पाडून मेंदूच्या पुढच्या भागात अल्कोहोल सोडले. तिथले मज्जातंतू तोडल्यास मनात घट्ट बसलेले विकृत विचार सुटतील, असा मोनिझ यांचा तर्क होता. नंतर तंतू कापण्यासाठी त्यांनी खास अवजार करून घेतले. वीस रुग्ण झाले. सात बरे, सात सुधारले, सहा जसेच्या तसे, असा निकाल १९३६ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये सादरही झाला. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते आणि शेवटच्या रुग्णांना तर काही आठवडेच.

मनोरुग्णांसाठी तेव्हा औषधे नव्हती. वेड्यांची इस्पितळे भरून वाहत होती, आणि शांत झालेला रुग्ण म्हणजे बरा झालेला रुग्ण असे मानले गेले. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन आणि जेम्स वॉट्स यांनी ही शस्त्रक्रिया लोबोटॉमी या नावाने पसरवली. हजारो माणसांचा मेंदू असा कापला गेला. काहींचा छळ थांबला. अनेकांची इच्छा, उत्साह, माणूसपणच मंदावले. १९५० च्या दशकात मनोविकारांवर औषधे आली आणि लोबोटॉमी मागे पडली. आपल्या माणसांची अशी अवस्था पाहिलेल्या कुटुंबीयांनी पुढे मोनिझ यांचे नोबेल रद्द करण्याचीही मागणी केली. ते रद्द झाले नाही.

थोरोट्रास्ट आणि लोबोटॉमी ही वरकरणी दोन निराळी प्रकरणे आहेत. दोन्हींत एक समान धागा मात्र दिसतो. मोनिझ धाडसी होते, चिकाटीचे होते, रुग्णाला लगेच होणारा त्रास कमी व्हावा म्हणून झटणारे होते. रुग्ण टेबलावरून उठला, वेदना नाही, गोंधळ नाही, इथपर्यंत त्यांची नजर तीक्ष्ण होती. त्यापुढची दहा-वीस वर्षे त्यांच्या मोजमापात आली नाहीत. हा दोष एकट्या मोनिझ यांचा नव्हता. त्या काळातील वैद्यकशास्त्राचीच ती मोजपट्टी होती.

१९३९ मध्ये त्यांच्या एका मनोरुग्णाने त्यांच्यावर दवाखान्यातच गोळ्या झाडल्या. त्यातून ते वाचले आणि कामावर परतले. सत्तरीला निवृत्त झाले. पत्त्यांच्या खेळाची त्यांना आवड होती. पत्त्यांच्या इतिहासावरही त्यांनी लिहिले. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले. विज्ञानातील नोबेल मिळवणारे पोर्तुगालचे ते पहिले नागरिक. अवांकातील त्यांचे घर आता संग्रहालय आहे.

वीस वर्षांनंतरचा हिशेब

थोरोट्रास्ट घेतलेल्या रुग्णाच्या यकृतात त्यामुळे झालेल्या कर्करोगाची पहिली नोंद १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर एकामागून एक नोंदी येऊ लागल्या. १९५० च्या दशकात औषधाचा वापर थांबला, पण दिलेले औषध परत घेता येत नव्हते. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल आणि जपान या देशांत, ज्यांना ते टोचले गेले होते अशा लोकांचा शोध घेऊन त्यांच्यावर अनेक दशके नजर ठेवण्यात आली. जपानमध्ये त्यांत युद्धात जखमी झालेले सैनिक होते. यकृताचे कर्करोग, त्यातही रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उगवणारा एरवी अगदी दुर्मीळ असलेला कर्करोग, रक्ताचा कर्करोग आणि यकृताचा सिऱ्होसिस यांचे प्रमाण या लोकांत कितीतरी जास्त निघाले. इंजेक्शन आणि आजार यांत अनेकदा वीस ते चाळीस वर्षांचे अंतर होते. ज्या लिस्बनमधून थोरोट्रास्टला मान्यता मिळाली, तिथल्याच विकृतिशास्त्रज्ञांनी मृत रुग्णांच्या यकृतातून ते कण पुन्हा शोधून काढले.

पुढची औषधे या अनुभवानंतर घडली. आज अँजिओग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये वापरतात ते आयोडीनच असते, पण मोनिझ यांच्या काळातील झोंबणारे क्षार नव्हे. ते सेंद्रिय रेणूला पक्के बांधलेले असते आणि मूत्रपिंडे चांगली असतील तर साधारण एका दिवसात लघवीवाटे निघून जाते.

एमआरआयचे तंत्र निराळे. तिथे क्ष-किरण नाहीत. मोठ्या चुंबकात शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनच्या केंद्रकांकडून संकेत घेऊन चित्र बनवतात. काही रक्तवाहिन्या तर औषध न टोचताही, रक्त वाहते आहे एवढ्या भांडवलावर दिसू शकतात. जास्त स्पष्टतेसाठी १९८० च्या दशकाअखेर गॅडोलिनियम आले. हा धातू चुंबकीय गुणाचा, त्याच्या शेजारचे पाणी चित्रात उजळ दिसते. मोकळे गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून ते रेणूंच्या पिंजऱ्यात बंद करून देतात आणि मूत्रपिंडे ते पिंजऱ्यासकट बाहेर टाकतात. बहुतेकांच्या बाबतीत हे ठीक चालते. २००६ मध्ये मात्र असे लक्षात आले की मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा या औषधानंतर दगडासारखी कडक होते आहे. औषध बाहेर जाण्याचा रस्ताच बंद असल्याने ते आत रेंगाळत होते आणि कमजोर पिंजऱ्यांतून धातू सुटत होता. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत या धातूच्या खुणा दाखवल्या. त्यांतून मेंदूला इजा होते असे सिद्ध झालेले नाही. तरीही युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये कमी घट्ट पिंजऱ्याच्या काही औषधांचा वापर थांबवला. थोरोट्रास्टच्या वेळी असा निर्णय व्हायला जवळपास वीस वर्षे आणि अनेकांचे प्राण गेले होते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना मग रक्तवाहिन्या दाखवायच्या कशा? इथे नॅनोकण पुन्हा आले, पण या वेळी लोखंडाचे. लोहाच्या ऑक्साइडचा सूक्ष्म गाभा आणि त्याभोवती शर्करेच्या जातीच्या पदार्थाचे वेष्टन. फेरुमॉक्सिटॉल हे त्यातले सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले औषध. अमेरिकेत २००९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर लोह म्हणून. हे कण चुंबकीय असतात आणि कित्येक तास रक्तातच फिरत राहतात, म्हणून त्यांच्या मदतीने एमआरआयमध्ये धमन्या आणि शिरा छान उजळतात, हे क्ष-किरणतज्ज्ञांनी हेरले. जिथे गॅडोलिनियम देता येत नाही तिथे काही केंद्रांतील तज्ज्ञ ते वापरू लागले.

हे कणही मूत्रपिंडातून जात नाहीत. थोरोट्रास्टप्रमाणेच त्यांनाही यकृतातल्या आणि प्लीहेतल्या त्याच भक्षक पेशी गिळतात. फरक त्यानंतर पडतो. या पेशींचे रोजचे कामच मुळी म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी मोडून त्यांतले लोह परत वापरात आणण्याचे. लोखंडाचा कण त्यांच्या ओळखीचा. हळूहळू तो मोडतो, त्यातले लोह शरीराच्या साठ्यात जमा होते आणि पुढे नव्या तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये जाते. थोरियमला शरीरात जाण्यासारखी वाट नव्हती. लोखंडासाठी ती आधीपासूनच आहे.

म्हणून हे औषध निर्धोक झाले असे नाही. काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी आली, काही मृत्यूही झाले. त्यामुळे २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ते सावकाश, सलाइनमध्ये मिसळून आणि रुग्णावर लक्ष ठेवून द्यावे लागते. शरीरात आधीच लोह जास्त असलेल्यांना ते चालत नाही. साठलेले लोह काही काळ नंतरच्या एमआरआय चित्रांतही दिसत राहते, म्हणून आधी हे औषध घेतले होते का, हे तपासणाऱ्याला सांगावे लागते.

एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या आधी खिडकीपाशी जो अर्ज भरून घेतात, त्यात क्रिएटिनिन किती, मूत्रपिंडाचा आजार आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, याआधी असे इंजेक्शन कधी घेतले, असे प्रश्न असतात. घाईत असलेल्या नातेवाइकांना ती कागदी कटकट वाटते. ते प्रश्न टोचलेल्या औषधाला बाहेर पडायला वाट आहे की नाही, एवढेच तपासत असतात. १९३१ च्या लिस्बनमध्ये चित्र इतके सुंदर आले होते की हा प्रश्न विचारायचा राहून गेला. आज तो अर्ज नीट वाचून, काहीही न लपवता भरण्यात पाच मिनिटे जातात.